पु.ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (जन्म : मुंबई, ८ नोव्हेंबर १९१९, मृत्यू : पुणे, १२ जून २०००) हे मराठी लेखक, नाटककार, नट, दिग्दर्शक, संगीतकार, पेटीवादक आणि वक्ते होते. महाराष्ट्रात ते पु.ल. किंवा पु.लं. या आद्याक्षरांनीच ओळखले जातात. विनोदी लेखन, प्रवासवर्णने, व्यक्तिचित्रे, नाटके आणि एकपात्री प्रयोग यांमुळे त्यांना मराठी समाजात क्वचितच कोणाला मिळाली असेल अशी लोकप्रियता लाभली. उतारवयात त्यांना कंपवाताने म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराने ग्रासले आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले. त्यांची कला आवाज, बोटे, चेहरा आणि शरीराच्या हालचाली यांवर उभी होती. कंपवाताचा घाला नेमका यांच्यावरच पडतो. त्यामुळे त्यांच्या शेवटच्या वर्षांकडे पाहताना हा आजार बाजूला ठेवता येत नाही.

बालपण आणि शिक्षण

पु.लं.चा जन्म मुंबईत गावदेवी भागात झाला. त्यांचे बालपण आधी जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि पुढे विलेपार्ले येथे गेले. वडील लक्ष्मण त्रिंबक देशपांडे खासगी कंपनीत नोकरीस होते. आई लक्ष्मीबाई यांच्याकडून घरात गाण्याची आवड आली. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ऋग्वेदी या नावाने लिहीत. सणांच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ त्या काळी मान्यता पावलेला होता आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या गीतांजलीचे त्यांनी मराठीत अभंगरूप केले होते. नातवाने पुढे वयाच्या पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकावी, याची मुळे या आजोळात शोधता येतात.

पार्ले टिळक विद्यालयात शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी इस्माईल युसुफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्यानंतर कायद्याची पदवी मिळवली. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून ते एम.ए. झाले. पेटी ते दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे शिकले. वडिलांच्या अकाली निधनामुळे संसाराचा भार लवकर अंगावर आला आणि शिकवण्या, कारकुनी, शिक्षकी असे मिळेल ते काम त्यांनी केले. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक असताना त्यांची सुनीता ठाकूर यांच्याशी ओळख झाली. रत्नागिरीच्या सुनीताबाईंनी १९४२ च्या चळवळीत भाग घेतला होता. दोघांनी १२ जून १९४६ रोजी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पु.लं.च्या पहिल्या पत्नीचे लग्नानंतर थोड्याच काळात निधन झाले होते.

चित्रपट, आकाशवाणी आणि दूरदर्शन

१९४७ ते १९५३ या काळात पु.लं.नी मराठी चित्रपटांत अभिनेता, पटकथाकार, संवादलेखक आणि संगीतकार म्हणून काम केले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका अशा बहुतेक सर्व बाजू त्यांनीच सांभाळल्या. भीमसेन जोशी यांनी गायलेले या चित्रपटातील इंद्रायणीकाठचे गीत आजही ऐकले जाते. ‘देवबाप्पा’मधील ‘नाच रे मोरा’ या बालगीताची चालही त्यांचीच आहे. आशा भोसले यांच्या आवाजातील हे गाणे म्हणणाऱ्या कित्येक मुलांना संगीतकाराचे नाव ठाऊकही नसते.

चित्रपटसृष्टी सोडल्यावर ते काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत दाखल झाले. १९५८ मध्ये प्रशिक्षणासाठी त्यांना लंडनला बी.बी.सी.मध्ये पाठवण्यात आले. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक निर्माण झाले. दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात झाली तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत त्यांचा समावेश होता आणि दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेण्याची संधी त्यांना मिळाली.

लेखन आणि रंगभूमी

‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) या नाटकाने पु.ल. नाटककार म्हणून प्रस्थापित झाले. गोगोलच्या नाटकावरून ‘अंमलदार’, शॉच्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ (१९७५) आणि ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ ही त्यांनी केलेली रूपांतरे मूळ मराठी नाटके वाटावीत इतकी इथल्या मातीत रुजली. हेमिंग्वेच्या कादंबरीचा ‘एका कोळियाने’ हा अनुवादही त्यांचाच. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकास १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नारायण, अंतू बर्वा, सखाराम गटणे, रावसाहेब अशी माणसे या आणि अशा पुस्तकांतून मराठी वाचकांच्या ओळखीची झाली.

मात्र पु.लं.ची लोकप्रियता छापील पुस्तकांपेक्षाही त्यांच्या प्रत्यक्ष दर्शनाने वाढवली, असे म्हणण्यास जागा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग सुरू केले. नेपथ्याचा फारसा आधार न घेता एकटा माणूस रंगमंचावर उभा राहून चाळीतली सगळी बिऱ्हाडे डोळ्यांसमोर उभी करत असे. भुवईची हालचाल, मानेचा झोका, शब्दाच्या शेवटी आवाजाला दिलेली किंचित मुरड आणि दोन वाक्यांमधला थांबा ही त्यातली साधने होती. ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘असा मी असामी’ यांनीही असाच प्रेक्षक मिळवला. विनोदाची वेळ पळभर चुकली तरी हशा येत नाही. पु.लं.चा हात या बाबतीत क्वचितच चुकत असे. प्रयोगांची व्यवस्था, वेळेची शिस्त आणि हिशेब सुनीताबाई पाहत. त्यांच्या काटेकोरपणाविषयी अनेक कथा प्रचलित आहेत.

पेटी ही त्यांची दुसरी वाणी होती. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर अशा गायकांशी त्यांचा स्नेह होता आणि घरगुती बैठकीत पेटीवर बसलेले पु.ल. हे अनेकांच्या आठवणीतले चित्र आहे. १९८० च्या दशकात सुनीताबाईंसह त्यांनी बा.भ. बोरकर व बा.सी. मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले. त्यांत वेशभूषा किंवा नाट्य नव्हते, केवळ दोन आवाज होते.

सामाजिक कार्य आणि भूमिका

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या पु.ल. देशपांडे प्रतिष्ठानने प्रयोग आणि पुस्तकांतून मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग संस्थांना दिला. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी देशपांडे दांपत्याचा दीर्घकाळ संबंध होता. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले ते या प्रतिष्ठानच्या देणगीच्या आधाराने. १९७४ मध्ये इचलकरंजी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी जनता पक्षाच्या बाजूने जाहीर सभांत भाषणे केली आणि निवडणूक संपल्यावर राजकारणापासून दूर राहिले. विनोदी लेखक म्हणून त्यांना सौम्य समजणाऱ्यांना ही भाषणे अनपेक्षित होती.

कंपवात

आयुर्वेदातील जुन्या संज्ञेवरून मराठीत या विकारास कंपवात म्हणतात. लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील काही रुग्ण त्यांनी केवळ रस्त्यात चालताना पाहिले होते. पुढे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या विकाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मेंदूच्या तळाकडील एका काळसर भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि शरीराच्या हालचाली सुरू होणे, त्यांचा वेग व प्रमाण या गोष्टी त्या रसायनावर अवलंबून असतात. पहिली ठळक लक्षणे दिसेपर्यंत यांतील बराच मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो.

कंप हे या आजाराचे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण असले तरी ते प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही आणि अनेकांना त्याचा सर्वाधिक त्रासही होत नाही. हा कंप हात स्वस्थ असताना दिसतो आणि काम करताना पुष्कळदा कमी होतो. त्याहून अधिक अडचण होते ती हालचालींच्या मंदपणाची आणि स्नायूंच्या ताठरपणाची. सदऱ्याचे बटण लावणे, अंथरुणात कूस बदलणे, खुर्चीतून उठणे अशा नकळत होणाऱ्या गोष्टी ठरवून कराव्या लागतात. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. आवाज मंद आणि एकसुरी होतो. बोलणाऱ्याला मात्र आपण नेहमीइतकेच मोठ्याने बोलत आहोत असे वाटते. चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावल्याने आनंद, आश्चर्य, मिस्कीलपणा हे भाव चेहऱ्यावर उमटत नाहीत. परिणामी समोरच्यांचा असा ग्रह होतो की रुग्णाला आता कशातच रस उरलेला नाही किंवा त्याला समजत नाही. हा गैरसमज या आजारातील मोठ्या दुःखांपैकी एक आहे, कारण बहुतेक रुग्णांची समज दीर्घकाळ शाबूत असते. काहींना आजाराच्या उत्तरार्धात विस्मरण किंवा भास होऊ शकतात. नैराश्यही आढळते आणि ते केवळ परिस्थितीमुळे आलेले नसून मेंदूतील रासायनिक बदलांचाही त्यात भाग असतो.

पु.लं.च्या बाबतीत १९९० च्या दशकात या आजाराचा परिणाम त्यांच्या सार्वजनिक वावरावर दिसू लागला. हातांना कंप होता, बोलणे कष्टाचे झाले होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ज्या माणसाने एका भुवईने प्रेक्षागृह हसवले त्याच्या बाबतीत चेहरा, आवाज आणि बोटे यांच्यावर येणाऱ्या मर्यादेचा अर्थ सामान्य रुग्णापेक्षा वेगळा होतो. मंदावलेल्या हालचालींनी पेटीवर बोटे फिरवणे कठीण जाते. पूर्वीचे प्रयोग तर त्यांनी ऐन लोकप्रियतेच्या काळातच थांबवलेले होते, त्यामुळे आजाराने त्यांना रंगमंचावरून खाली उतरवले असे म्हणता येत नाही. आजाराने त्यांच्यापासून हिरावली ती रोजची गोष्ट, म्हणजे गप्पा. मित्रांच्या मैफलीत तासन्‌तास बोलणे हा पु.लं.चा स्वभाव होता.

या काळात वाचक आणि चाहते यांचा ओघ थांबला नाही. पुण्यात भांडारकर रस्त्यावरील त्यांच्या घरी भेटीस येऊ इच्छिणाऱ्यांची संख्या मोठी होती. थकवा हा कंपवाताचा न दिसणारा पण सततचा सोबती असतो. औषधाचा अंमल असेतो रुग्ण बरा बोलतो, चालतो आणि अंमल ओसरला की काही मिनिटांत जागच्या जागी अडकतो. पाहुण्याला यांपैकी एकच अवस्था दिसते. कोणाला, केव्हा आणि किती वेळ भेटू द्यायचे हे सुनीताबाई ठरवत. प्रयोगांच्या काळात त्यांच्या ज्या शिस्तीला काही लोक कडकपणा म्हणत, तीच शिस्त आजारपणात उपयोगी पडली. सुनीताबाई स्वतः लेखिका होत्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनात त्यांनी सहजीवनातील उणेपणाही स्पष्टपणे लिहिला होता आणि त्यामुळे पु.लं.च्या अनेक चाहत्यांचा रोष ओढवून घेतला होता. त्या पुस्तकानंतरच्या दशकात त्यांनी दिलेली साथ त्या वादाच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

उपचार आणि दैनंदिन जीवन

कंपवात पूर्ण बरा करणारा उपाय उपलब्ध नाही. १९६० च्या दशकापासून वापरात आलेले लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामिनमध्ये रूपांतरित होते आणि आजही तेच मुख्य औषध आहे. हाच घटक खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिकरीत्या असतो. तिचा उपयोग आयुर्वेदात पूर्वीपासून होतो, मात्र बियांतील प्रमाण कमी-अधिक असल्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे असते. काही वर्षांनंतर औषधाचा परिणाम कमी काळ टिकू लागतो आणि अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. त्यामुळे गोळ्यांच्या वेळा मिनिटांच्या हिशेबाने पाळाव्या लागतात. प्रथिनयुक्त आहार औषधाच्या शोषणाच्या आड येत असल्याने डाळ, दूध, अंडी यांच्या वेळा आणि गोळीची वेळ यांत अंतर ठेवण्याचा सल्ला काही रुग्णांना दिला जातो. निवडक रुग्णांवर मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रियाही केली जाते.

घरातले बदल साधेच असतात : पायपुसणी आणि सुटे गालिचे काढणे, न्हाणीघरात पकडायला दांडी, टेकायला हात असलेली खुर्ची, बटणांऐवजी चिकटपट्टीचे कपडे. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाल्यास ओढण्याऐवजी थांबून, मनात ताल धरून पाऊल टाकण्यास सांगितले जाते. जमिनीवर आखलेली रेघ ओलांडण्याची कल्पना केल्यानेही पाऊल सुटते. तालाचा आणि सुराचा हा आधार वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे. गाण्याचा सराव आवाजाची ताकद टिकवण्यास साहाय्य करतो. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत आणि रुग्ण व कुटुंबीय यांचे पार्किन्सन्स मित्रमंडळ तेथेच उभे राहिले. पु.लं.च्या आजारपणाच्या वर्षांत अशा सोयी जवळपास नव्हत्या. पुष्कळ मराठी घरांत हात थरथरणे आणि वाकून चालणे हे म्हातारपणच समजले जात असे. सर्वांच्या परिचयाच्या माणसाला हा आजार झाल्यामुळे त्याचे नाव अनेकांच्या कानावर प्रथमच पडले.

महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि वाद

पु.लं.ना पद्मश्री (१९६६), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७), कालिदास सन्मान (१९८७) आणि पद्मभूषण (१९९०) हे सन्मान मिळाले. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराचे ते पहिले मानकरी ठरले. राज्यात त्या वेळी शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. सोहळ्यास पु.ल. उपस्थित होते, परंतु आजारामुळे त्यांना भाषण करणे शक्य नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवले.

हे भाषण औपचारिक आभारप्रदर्शनाचे नव्हते. सत्ता आणि लोकशाही यांविषयी पु.लं.नी त्यात परखड मत मांडले आणि पुरस्कार देणाऱ्या सत्ताधाऱ्यांचीही गय केली नाही. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी त्यावर जाहीरपणे तीव्र शब्दांत टीका केली आणि मोठा वाद झाला. साहित्यिकांपैकी अनेक जण पु.लं.च्या पाठीशी उभे राहिले. स्वतः पु.लं.नी वाद पुढे वाढवला नाही. आजाराच्या दृष्टीने पाहता या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. शब्द उच्चारण्याची शक्ती क्षीण झालेल्या आणि खुर्चीला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत, तो आता केवळ सत्काराचा विषय आहे, असे गृहीत धरले जाते. पु.लं.च्या भाषणाने ते गृहीत मोडले. त्यांचे मत, त्यांची शब्दयोजना आणि परिणाम सोसण्याची तयारी १९७७ मधल्याप्रमाणेच होती. फक्त आवाज दुसऱ्याचा होता.

निधन

जून २००० मध्ये प्रकृती खालावल्याने पु.लं.ना पुण्यातील प्रयाग रुग्णालयात दाखल करण्यात आले. कंपवाताच्या शेवटच्या टप्प्यात गिळण्याची क्रिया मंदावणे, छातीतील संसर्ग आणि हालचाल थांबल्याने होणारे त्रास हे सामान्यतः जिवावर बेततात. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या ५४ व्या वाढदिवशी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बातमी पसरताच पुण्यात आणि मुंबईत लोकांनी मोठ्या प्रमाणावर शोक व्यक्त केला.

मुंबईत प्रभादेवी येथील राज्य शासनाच्या कला अकादमीला तसेच पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील जपानी पद्धतीच्या उद्यानाला पु.लं.चे नाव देण्यात आले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांसाठीचे विज्ञानकेंद्र ज्या इमारतीत आहे तिचे नाव ‘पुलस्त्य’ असून तिच्यासाठी सुनीताबाईंनी देणगी दिली होती. पु.लं.च्या मृत्यूनंतर सुनीताबाई नऊ वर्षे जगल्या. त्यांचे निधन ७ नोव्हेंबर २००९ रोजी, पु.लं.च्या नव्वदाव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, पुण्यात झाले.